सोमवारी सव्वासहाला आलेला फोन

स्वित्झर्लंडला पत्र पाठवून सतरा दिवस झाले होते आणि लिंदाला एका जागी बसवत नव्हतं.

तशी ती बसणाऱ्यातली कधीच नव्हती. पिएत्रालेनाच्या नगरपालिकेत नोंदणीच्या खिडकीमागे तिची बावीस वर्षं गेली, पण खुर्चीची गादी नवीच्या नवी होती. जेवायची उभ्याने, कॉफी प्यायची उभ्याने, चर्चमध्ये दाराजवळच्या खांबाला टेकून राहायची. तिचा नवरा साव्हेरिओ लोकांना सांगायचा, "आमचं लग्न गावातलं सगळ्यात लवकर आटपलेलं लग्न. वर छत होतं ना, हिने पाद्रीबाबांना श्वास घेऊ दिला नाही." पन्नाशीकडे आलेल्या गावातल्या कितीतरी बायका अशाच होत्या, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटत नसे. ऐंशी सालच्या भूकंपात ज्यांच्या अंगावर घर आलं, ती माणसं छताखाली जरा अंग चोरूनच वावरतात.

पण हे सतरा दिवस वेगळे होते. टपालवाल्याची गाडी चढावर वळली की ती खिडकी सोडून दारात येऊन उभी राहायची. गठ्ठा हातात घेतला की आधी ती स्विस तिकीट शोधायची. 'या पत्त्यावर कुणी राहत नाही' असा शिक्का मारून आपलंच पत्र परत यावं, अशी ती रोज मनातल्या मनात विनवणी करत होती.

पत्रात विशेष काही नव्हतं. भूकंपात गेलेल्या सत्त्याऐंशी माणसांना दफनभूमीच्या लांब भिंतीत कोनाडे दिले होते, तीस वर्षांच्या मुदतीने. दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात मुदत संपत होती. आता हाडं लहान पेट्यांत घालून खालच्या दालनात हलवायची, आणि त्याला जवळच्या नातेवाइकाची सही लागते. लिंदाने साठ पत्रं टाइप केली. एकोणसाठ एका दिवसात झाली. साठावं, विंटरटूरला राहणाऱ्या कानिओच्या नावाचं, तिने तीनदा गठ्ठ्याच्या तळाला सरकवलं होतं.

अठराव्या दिवशी टपाल आलंच नाही. फोन वाजला.

"नगरपालिका, नोंदणी विभाग."

 पलीकडून घोगरा, जरासा परक्या वळणाचा आवाज. "मी कानिओ. तीनटोप्यांच्या घरातला. पत्र मिळालं."

अर्ध्या गावाचं आडनाव एकच असल्यामुळे पिएत्रालेनात घराणी टोपणनावांनीच ओळखली जातात. तीनटोपे म्हटल्यावर आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"सही पोस्टाने चालेल का विचारणार होतो," तो म्हणाला, "पण नको. बावीस तारखेला येतो. ती आहे का अजून?"

कोण, हे लिंदाने विचारलं नाही. "आहेत. तेओदोरा मावशी चौऱ्याऐंशीच्या झाल्या. काठी घेऊन चालतात."

"आणि जीभ?"

"ती बिनकाठीची चालते."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. मग तो म्हणाला, "तू बारवाल्या व्हीतोची मुलगी ना?"

"हो."

"वाटलंच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

लिंदा उठली. खिडकीपाशी गेली, परत आली, कपाट उघडलं, बंद केलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, काय हरवलं?" लिंदा म्हणाली, "काही नाही," आणि कपाट पुन्हा उघडलं.

त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. रविवारची संध्याकाळ, नोव्हेंबर असून हवा विचित्र गरम. बार गच्च भरलेला. टीव्हीवर दुपारचा फुटबॉलचा सामना दाखवत होते आणि लिंदा कप विसळत होती. सात वाजून चौतीस मिनिटांनी जमिनीखालून अवजड गाडी जावी तसा आवाज आला. मग दीड मिनिट. ते दीड मिनिट पुढे कुणालाच नीट सांगता आलं नाही. बारची मागची भिंत गेली, पुढची राहिली. वडिलांचा हात मोडला. धूळ बसल्यावर तिने वर पाहिलं, तर टेकडीवरची रिपाची गल्ली जागेवर नव्हती.

मदत लवकर आली नाही. रस्ते तुटले होते, धुकं पडलं होतं, आणि बाहेरच्या जगाला या डोंगरात नेमकं काय झालंय हेच कळायला दिवस गेला. सोमवारी दुपारी टेलिफोनचा एक माणूस चालत वर आला. गिरणीजवळच्या खांबावर चढून त्याने एक तार जिवंत केली, खाली लाकडी खोक्यावर फोन ठेवला, आणि त्या तारेला बारचा नंबर दिला. गावातली निम्मी तरणी माणसं बेल्जियमच्या खाणींत, जर्मनीच्या कारखान्यांत, स्वित्झर्लंडच्या बांधकामांवर. दर रविवारी ती बारमध्ये फोन करायची आणि घरची माणसं रांग लावून उभी असायची. परदेशातल्या माणसाला एक वेळ स्वतःच्या लग्नाची तारीख आठवली नसती, पण बारचा नंबर झोपेतही पाठ होता.

"सगळी टोपणनावं कुणाला येतात?" टेलिफोनवाल्याने विचारलं. लोकांनी लिंदाकडे बोट दाखवलं. म्हणून ती त्या खोक्यापाशी बसली.

पहिल्या तीन फोनना चांगलं सांगता आलं. चौथा रोक्कोचा, बेल्जियमहून. "तुझी आई गेली, रोक्को," तिने सांगितलं, कारण त्याच्या आईला तिने सकाळी चादरीखाली पाहिलं होतं.  त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो तिने माणसाचा म्हणून ओळखलाच नाही. यंत्र बिघडलं की काय असं तिला वाटलं. मग रिसीव्हर पडला आणि कितीतरी वेळ तिकडचा खडखडाट ऐकू येत राहिला. त्यानंतर ती जीभ जपून वापरू लागली.

सव्वासहाला कानिओचा फोन आला. अंधार पडला होता.

"लिंदा? तूच ना? देवा, तूच आहेस! मिकेलीना कुठे आहे? आणि ओर्सोला?"

मिकेलीना त्याची बायको, ओर्सोला पाच वर्षांची मुलगी. घर रिपाच्या गल्लीत. लिंदाने दिवसभरात त्यांच्यापैकी कुणालाही पाहिलं नव्हतं. पण ऐकलं होतं. वर दगडांच्या ढिगावर मिकेलीनाची आई तेओदोरा नातीला हाका मारत होती. एक हाक, मग शांतता, म्हणजे खालून उत्तर येतंय का ते ऐकायची. मग पुन्हा हाक. फोन कानाला असतानाही लिंदाला ते ऐकू येत होतं.

"ठीक आहेत," ती म्हणाली.

"दोघी?"

"दोघी. मैदानावर आहेत. मी पाहिलं."

"मग निघतो मी, आत्ताच निघतो!"

"रस्ते बंद आहेत," लिंदा म्हणाली. "सावकाश या."

तो रडत होता की हसत होता कोण जाणे. "देव तुझं भलं करो, पोरी," तो म्हणाला. त्याने ठेवताच पुढचा फोन वाजला.

सकाळपर्यंत त्यांना काढतील, असं तिला वाटलं होतं. आपण म्हटलं ते सकाळपर्यंत खरं होईल. पण वर माणसं नव्हती. हात धड असलेले सगळे आपापल्या दगडांशी झगडत होते. तेओदोरा आणि दोन म्हातारे नखांनी माती उकरत राहिले. मंगळवारी मिकेलीना सापडली. ती पहिल्या रात्रीच गेली होती. ओर्सोला बुधवारी दुपारपर्यंत ओ देत होती. पाणी मागत होती. अग्निशमनवाले बुधवारी संध्याकाळी पोहोचले.

कानिओ गुरुवारी सकाळी आला. मंगळवारचं काम संपवून मित्राच्या गाडीतून निघालेला, वाटेत बोलोन्याजवळ झोपलेला, हातात मुलीसाठी घेतलेले लाल, आतून लोकर लावलेले बूट.

शुक्रवारी दफन झालं. त्यानंतर मैदानावर सूपच्या कढईपाशी तेओदोरा लिंदासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. मागे कानिओ, भोवती वीसेक माणसं.

"पोरी, हा म्हणतो याने सोमवारी फोन केला होता. म्हणतो, तू सांगितलंस दोघी ठीक आहेत. आला होता याचा फोन?"

"नाही," लिंदा म्हणाली.

विचार करून म्हणाली असंही नाही. त्या पट्ट्यांकडे बघत होती आणि तोंडातून शब्द निघून गेला. कानिओने वाद घातला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तो परत गेला आणि तीस वर्षं आला नाही.

तेओदोराने मात्र गाव सोडलं नाही आणि बोलणंही सोडलं नाही. नळावर, बाजारात, लग्नाकार्यात ती सांगायची, "परमुलखातली पोरं माझ्या नातीला उकरायला आली, आणि बाप बूट खरेदी करत होता. वर खोटं बोलला, फोन केला म्हणे." आणि दर ईस्टरला ती लिंदाकडे डझनभर अंडी पाठवायची. "त्या दिवशी माझ्या तोंडावर खरं बोलणारी तू एकटी," म्हणायची. ती अंडी लिंदाने कधी खाल्ली नाहीत. शेजारी वाटून टाकायची.

बावीस तारखेला सकाळी दफनभूमीत चार माणसं होती. कोनाडे उघडणारा ब्याजो, काठीवर रेललेली तेओदोरा, कागद घेऊन आलेली लिंदा, आणि फाटकातून हळूहळू येणारा एक काटकुळा, टोपी घातलेला माणूस. बासष्टचा कानिओ तेओदोराच्या बरोबरीचा दिसत होता.

पूर्वी तो तिला आई म्हणायचा. आता कुठल्याच नावाने हाक मारता येईना, म्हणून त्याने नुसती मान झुकवली.

"ब्याजो," तेओदोरा म्हणाली, "त्या साहेबांना सांग, इथे टोपी काढतात."

"मावशी, ते इथेच उभे आहेत."

"मला काय दिसतंय? मोतीबिंदू आहे मला."

कानिओने टोपी काढली. ब्याजोने संगमरवरी फरशा सैल केल्या. लिंदा भिंतीकडे न बघता तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होती, तेव्हा ब्याजो म्हणाला, "ताई, जरा थांबाल का, मला चक्कर येईल." काम लवकर उरकलं. मग ब्याजोने जस्ताची पेटी उघडी धरून अवघडत विचारलं, "दोघींना एकत्र ठेवू का वेगळं?"

"एकत्र," कानिओ आणि तेओदोरा एकदमच म्हणाले. आणि दोघांनीही दुसरीकडे तोंड फिरवलं.

दारापाशी रखवालदाराची खोली होती. तिथे लिंदाने कागद टेबलावर ठेवला, कुठे सही करायची ते दाखवलं. कानिओने चष्मा शोधायला खिसे चाचपले.

"करा म्हणावं सही," तेओदोरा म्हणाली. "या कामाला तरी वेळेवर आले."

कानिओने पेन उचललं. त्याचा चेहरा जराही हलला नाही. बहुधा याहून वाईट त्याने स्वतःला इतक्या वर्षांत ऐकवलं होतं. लिंदा त्याच्या हाताकडे बघत होती. तिला दार दिसत होतं, तीन पावलांवर. ते तीन पावलांवरचं दार सोडून ती टेबलाला धरून उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "फोन आला होता."

"कुठला फोन?"

"यांचा. सोमवारी सव्वासहाला. मीच घेतला."

ब्याजो दारातून आत येत होता, तो तसाच मागे सरला. कानिओने पेन खाली ठेवलं, आडवं, जपून, जणू ते फुटेल.

"आणि तू काय सांगितलंस?" तेओदोराने विचारलं.

"दोघी ठीक आहेत. मैदानावर आहेत."

"तू पाहिलं होतंस?"

"नाही. सावकाश या असंही मीच सांगितलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणाले."

तेओदोरा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. ते हात पुढे नीट मिटलेच नव्हते. बोटं वेडीवाकडी भरली होती. "गिरणीजवळ बसली होतीस ना तू?" ती हळू आवाजात म्हणाली. "तिथे माझ्या हाका ऐकू येत होत्या?"

लिंदाला वाटलं होतं, हे कुणी कधी विचारणार नाही.

"येत होत्या."

 मग कानिओने घसा खाकरला. "म्हणजे मी नीट ऐकलं होतं," तो म्हणाला. लिंदाला वाटलं तो ओरडेल, पण तो स्वतःशीच बोलत होता. "मला वाटायचं, मी भलतं ऐकलं. तू म्हणाली असशील 'ठाऊक नाही' आणि मी ऐकलं 'ठीक आहेत'. नंतर तर वाटायला लागलं, मी फोन केलाच नव्हता. झोप यावी म्हणून मनाने रचलं." त्याने हाताने तोंड पुसलं. "मी नीट ऐकलं होतं."

"नीट ऐकलंस तरी निघायला हवं होतंस त्याच मिनिटाला," तेओदोरा म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती थेट त्याच्याशी बोलली.

"हो," कानिओ म्हणाला. "हवं होतं."

मग ती लिंदाकडे वळली. "तुझ्या लग्नात नाचले मी. अंडी पाठवली. तीनशे-साडेतीनशे अंडी खाल्लीस माझी."

खाल्ली नाहीत, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

"उद्या तेवीस," तेओदोरा म्हणाली. "उद्या चौकात नावं तूच वाचणार ना, दरवर्षीसारखी? तिथे सांग. मी या माणसाला गावभर खोटारडा म्हटलंय, घरोघर जाऊन. आता परत घरोघर जायला माझे पाय नाहीत. तू सांग, सगळ्यांसमोर."

काठी टेकत ती उठली. दारापाशी पोहोचल्यावर, मागे न बघता म्हणाली, "आणि या माणसाला विचार, कुठे उतरलाय."

"खालच्या लॉजवर," कानिओ म्हणाला.

"तिथल्या गाद्यांत ढेकूण आहेत," तेओदोरा म्हणाली आणि चालू लागली. कानिओने घाईघाईने सही केली, टोपी उचलली आणि तिच्या मागोमाग गेला. लिंदाने खिडकीतून पाहिलं: दोघं उतारावरून चालले होते, मध्ये हातभर अंतर ठेवून.

घरी साव्हेरिओ चेस्टनट भाजत होता. लिंदाने चुलीपाशी उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, चेस्टनट करपले.

"मला कधी बोलली नाहीस."

"नाही."

"उद्या आजारी पड," तो करपलेले चेस्टनट बाजूला काढत म्हणाला. "मी सांगतो ताप आलाय. दुसरं कुणी वाचेल नावं. तू अठरा वर्षांची पोर होतीस, लिंदा. एका फोनपाशी बसवलं तुला, कुणी मोठं माणूस शेजारी नव्हतं. कोण तुला बोलणार आहे?"

"फोनचं नाही रे," ती म्हणाली. "शुक्रवारचं."

तिने शाल घेतली, बाहेर गेली, परत आली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुन्या गावाच्या पायवाटेने चढून रिपाच्या गल्लीपर्यंत जाऊन आली. तिथे आता गवत आणि झुडपं. गिरणी किती जवळ दिसते तिथून, हे तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. परतल्यावर साव्हेरिओने विचारलं, "मी तुझ्यासमोर उभा राहू का? पहिल्या रांगेत?"

"नको. मग मी तुलाच सांगत बसेन."

संध्याकाळी सात वाजता नवीन चर्चच्या चौकात माणसं जमली. दरवर्षी जमतात. नगराध्यक्ष खांद्यावरून मानाचा पट्टा लावून उभे, पाद्रीबाबांचं नाक थंडीने लाल. सात चौतीसला घंटा वाजली. लिंदा कागद घेऊन ध्वनिक्षेपकापाशी गेली आणि वाचू लागली, नाव आणि वय, नाव आणि वय. तिचा आवाज सवयीने चालला होता. "मिकेलीना, सत्तावीस. ओर्सोला, पाच." तिथे ती थांबली.

लोकांना वाटलं तिला भरून आलं. पुढच्या एका बाईने रुमालही काढला.

"ओर्सोलाच्या वडिलांचा फोन आला होता," लिंदा म्हणाली. "सोमवारी. मी त्यांना सांगितलं त्या दोघी सुखरूप आहेत. ते खोटं होतं. तेओदोरा मावशींनी तुमच्यापैकी कितीतरी जणांसमोर मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. तेही खोटं होतं. कानिओ खोटं बोलले नव्हते. मी बोलले होते."

मग तिने कागदाकडे पाहिलं आणि उरलेली नावं वाचली, कारण ती माणसंही ताटकळत होती. एकतीस नावं. एकही चुकलं नाही.

वाचून झालं तरी माणसं पांगली नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "लाज वाटायला हवी." दुसरं कुणी म्हणालं, "गप्प बस, पोर होती ती." एक बाई तिच्या जवळून जाताना पदर सावरावा तसा कोट आवळून गेली. लिंदाला निघावंसं वाटत होतं. चौक मोकळा होता, वर नुसतं आभाळ, तरी श्वास पुरत नव्हता. तेवढ्यात एक थकलेला माणूस पुढे आला, लोहाराचा भाऊ पास्क्वाले.

"लिंदा," तो म्हणाला, "आमच्या निकोलाने जर्मनीहून फोन केला होता. त्याला तू काय सांगितलं होतंस?"

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. एक खोटं निघालं म्हटल्यावर बाकीच्यांचं काय, हे विचारायला तो आला होता. त्याच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांच्यामागे एक जोडपं.

"निकोलाचा फोन साडेचारला आला," लिंदा म्हणाली. "वडील गेले, आई जिवंत आहे, तिचा पाय मोडलाय, असं सांगितलं. त्याने विचारलं कुठला पाय. मी म्हटलं डावा."

"डावाच होता," पास्क्वाले म्हणाला, आणि डोळे पुसत बाजूला झाला.

एकेचाळीस फोन आले होते त्या दोन दिवसांत, आणि लिंदाला एकूण एक आठवत होते. ती चर्चच्या पायरीपाशी उभी राहिली आणि एकेकाला सांगत गेली. कुणाला काय म्हणाली, त्याने काय विचारलं, तो रडला की गप्प राहिला. दोघांच्या बाबतीत तिला सांगावं लागलं, "मी माहीत नाही म्हणाले, पण मला माहीत होतं." त्यातली एक बाई पाठ फिरवून गेली आणि पुन्हा कधी बोलली नाही. दुसरा म्हणाला, "बरं केलंस. पाद्रीबाबांकडून कळलं त्याला, तेच बरं." साव्हेरिओ कोट घेऊन मागे उभा होता, सगळे जाईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही, आणि त्याच्यासाठी ते फार अवघड होतं.

कानिओ शेवटी आला. "मी त्या रात्री बोलोन्याजवळ आठ तास झोपलो," तो म्हणाला. "गाढ. त्याबद्दल मी स्वतःला कधी सोडलं नाही."

"मला क्षमा करा," लिंदा म्हणाली.

त्याने विचार केला. खरोखर विचार केला, हे तिला दिसलं. "आज नाही जमायचं," तो म्हणाला. "पुढचं बघू." आणि खांद्यावरचा मफलर सारखा करत तो चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे बाकावर तेओदोरा बसली होती आणि पाद्रीबाबांना सांगत होती की घंटा या वर्षी अर्धा मिनिट उशिरा वाजली.

कानिओ चार दिवसांसाठी आला होता, तो तेओदोराचं धुराडं दुरुस्त करायला आठवडाभर राहिला. धुराड्यानंतर छप्पर निघालं. नाताळ झाला. गावाने या विषयावर भरपूर बोलून घेतलं, मग डुकरं कापायचे दिवस आले आणि बोलायला दुसरे विषय मिळाले. ईस्टरची अंडी येणार नव्हती, हे लिंदाला माहीत होतं. तेओदोरा रस्त्यात भेटली तर भिंतीकडे बघून जायची. लिंदाला त्याचा त्रास व्हायचा, पण रात्री झोप लागायची; तरी दिवसा मात्र ती अजूनही उभ्यानेच जेवत होती.

फेब्रुवारीत कानिओ खिडकीशी आला. त्याला इथला रहिवासी म्हणून नाव नोंदवायचं होतं. लिंदाने अर्ज काढला. नाव, जन्मतारीख, आधीचा पत्ता. राहण्याचं ठिकाण म्हणून त्याने तेओदोराच्या घराचा नंबर सांगितला.

"घर त्यांच्या नावावर आहे," लिंदा म्हणाली. "त्यांच्याशी नातं लिहावं लागतं इथे. काय लिहू?"

कानिओ बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिलाच विचार. बाहेर बसलीय."

लिंदा पेन आणि कागद घेऊन व्हरांड्यात गेली. तेओदोरा उन्हात, काठी मांडीवर आडवी घेऊन बसली होती. लिंदा समोर उभी राहिल्यावर तिने नेहमीसारखं भिंतीकडे तोंड केलं.

"मावशी, नातं काय लिहू विचारतायत."

भिंतीकडे बघतच तेओदोरा म्हणाली, "बावीस वर्षं नोकरी करतेस, एवढं कळत नाही? जावई. लिही." लिंदा वळली तशी मागून पुन्हा आवाज आला, "आणि या वेळी खरं लिही."